अस्तराच्या पिशव्या

तिला लांब पल्ल्याची गाडी मिळाली त्याच आठवड्यात भोपळ्याच्या वेलावर लाल भुंगे आले. आपली पाठ फिरायचीच वाट बघत होते मेले, असं तिला वाटलं.

त्याआधी ती शहरातल्या शहरात बस चालवायची आणि दुपारी जेवायला घरी यायची. आता सकाळी गाडी काढायची, परगावच्या डेपोत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतायचं. ही गाडी तिने स्वतः मागून घेतली होती. नवरा शिंपी, सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. बातमी सांगितली तेव्हा मास्तर कापडावर खडूने खुणा करत होते. "चांगलं झालं," एवढंच म्हणाले, मान वर न करता. ते 'चांगलं झालं' तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

वेल न्हाणीघराच्या मागे होता, लोखंडी पाइपांच्या मांडवावर चढवलेला. गेल्या वर्षी लिंबाएवढी झालेली फळं पिवळी पडून सडली होती. फळमाशी डंख मारून आत अंडी घालते, हे तिला फार उशिरा कळलं. म्हणून यंदा ती उजाडताच मागे जायची. गारव्याने भुंगे सुस्तावलेले असतात, तेव्हाच त्यांना साबणाच्या पाण्यात टिपायचं आणि मग पानांवर चुलीतली राख भुरभुरायची. जाण्याआधी तिने हे सगळं मास्तरांना करून दाखवलं. त्यांनी हो हो केलं. आता मास्तर म्हणजे झुरळ दिसलं तरी स्टुलावर चढणारा माणूस. पण दुसरं होतं कोण?

पहिल्याच थांब्यावर तिने फोन लावला.

"पानं उलटून बघितली का?"

"बघितली. वेलापाशीच उभा आहे."

मागून शिलाई मशीनची खडखड स्पष्ट ऐकू येत होती. पुढच्या थांब्यावर पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. परगावी पोचल्यावर मात्र शेजारच्या नर्सबाईंचाच फोन आला. "अगं, तुझ्या पानांची पार चाळणी झालीय. मास्तर दारातूनच बघतात आणि आत जातात."

मुक्कामाच्या खोलीत तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. पलंगावर पडली की उठावंसं वाटे, उठली की जायला जागा नाही. भुंगे तर होतेच, पण आणखी काहीतरी पोखरत होतं. खोटं कशाला बोलायचं? जमत नाही म्हणून सांगता येत नाही का? की आपण घर सोडून निघालो त्याचा हा राग आहे?

परतीच्या वाटेवर तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. गिअर असा हिसडून टाकत होती की कंडक्टर पुढे येऊन म्हणाला, "ताई, जरा दमानं. मागे माणसं आहेत, बटाट्याची पोती नाहीत." थोड्या वेळाने ती एक थांबा चक्क सोडून पुढे गेली. एक म्हातारे गृहस्थ उतरताना म्हणाले, "बाई, घरी काही अडचण असेल तर रजा घ्या. पण आम्हाला नीट पोचवा." बोलणं शांतपणे केलेलं होतं, म्हणून जास्त लागलं. तिने तिथेच ठरवलं, उद्या अर्ज द्यायचा आणि पुन्हा शहरातली बस घ्यायची.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. चपलाही न काढता ती थेट मागे गेली आणि मांडवाखाली थबकली.

वेलावर पिशव्या लटकत होत्या. जांभळ्या, राखाडी, फिकट गुलाबी. कोटाच्या आणि ब्लाउजच्या अस्तराचे तुकडे जोडून शिवलेल्या, प्रत्येकीच्या तोंडाला नाडी. प्रत्येक फळ पिशवीत घालून देठापाशी हलकी गाठ मारली होती. खाली मगमध्ये साबणाचं पाणी होतं आणि त्यात भुंग्यांचा थर. मास्तर पाठमोरे उभे होते. हातात कोपरापर्यंत शिवलेले जाड कापडाचे मोजे.

"फोनवर खोटं का बोललात?" तिने विचारलं.

मास्तर दचकले. मग हळूहळू एक मोजा काढत म्हणाले, "मला किळस येते गं. हात पुढे जातच नाही. पन्नाशीच्या माणसाने हे बायकोला कसं सांगायचं?"

"मग आज कसा गेला?"

"सकाळी एक फळ गळून पडलं. चिरून बघितलं तर आत अळ्या. नर्सबाई म्हणाल्या, झाकून ठेवा, माशी बसणार नाही. म्हटलं, झाकणं शिवायचं काम आपलं आहे."

तिचा राग निम्म्यावर आला, पण पुरता गेला नाही. ती एकेक पिशवी सोडून बघू लागली. काही फळं आत टवटवीत होती. काही पिशव्यांत मात्र न उमललेल्या कळ्याच होत्या, देठापाशी बारीकसा भोपळा असलेल्या.

"अहो, ह्या कशाला झाकल्यात? माशीबरोबर मधमाशीपण बाहेर राहिली. फळ धरणार कसं?"

"तू म्हणालीस, भोपळे सांभाळा. मी दिसेल तो भोपळा झाकला."

तिला हसू आलं. ते तिने दाबलं नाही. मग म्हणाली, "उद्या अर्ज देते. शहरातली बस परत मागते."

मास्तर नाडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "देऊ नकोस," ते म्हणाले. "तू इतकी वर्षं ती गाडी मागत होतीस. मी चांगलं झालं म्हणालो ते मनापासून म्हणालो. फक्त तोंड वर करून म्हणायला हवं होतं. घर रिकामं होणार, तेच डोक्यात होतं."

सकाळी दोघं मिळून मागे गेले. भुंग्यांनी मांडवाची एक बाजू जवळजवळ संपवली होती. उमललेल्या फुलांतलं लांब देठाचं नर फूल कुठलं आणि मादी कुठलं, ते तिने दाखवलं. नराच्या पाकळ्या काढून आतला दांडा मादी फुलात अलगद फिरवायचा, आणि मग पिशवी घालायची. मास्तरांनी सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास रोखून धरला.

"तिकडे झोप लागते का तुला?" त्यांनी फुलावरची नजर न काढता विचारलं.

"नाही लागत."

"इकडेही नाही."

तिने अर्ज दिला नाही. त्या वेलाला अखेर सहा भोपळे धरले. त्यातला एक कुठल्याशा अळीने पिशवीत शिरून खाल्लाच. नर्सबाईंनी सगळ्यांत मोठा मागून नेला. मास्तरांनी तो द्यायला बरीच खळखळ केली.