हात भाजला म्हणजे घर तापलं?

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावी एका दगडी घराच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं भिंतीला टांगलेला, पाणी तापवून घर उबदार ठेवणारा मी एक जुना गॅस बॉयलर आहे. मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. मला मूर्खासारखं चालवत होते.

मी तापवलेलं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ लोखंडी पाट्यांतून, फिरून पुरेसं निवून परत आलं, की माझ्या धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची ऊब मी घरालाच देतो. हा माझा गुण. पण बसवणाऱ्याने रेडिएटरचं बटण ऐंशी अंशांवर पिळलं, चहा ढोसला आणि गेला. माहितीपुस्तक कोणी उघडलंसुद्धा नाही. पाणी गरमच परत यायचं. मी भडकायचो, विझायचो, पुन्हा भडकायचो. माझी ऊब पांढरी वाफ होऊन गल्लीत जायची. कुणाला सांगू?

घर एनिड आजींचं. वय एक्याऐंशी, छाती नाजूक. गॅस फार जळतो म्हणून त्या मला दिवसातून दोनच तास चालवत. एरवी दोन स्वेटर घालून कुडकुडत. मुलगा क्लाइव्ह रविवारी यायचा, रेडिएटरला तळवा लावायचा आणि चटका बसला की खूश व्हायचा.

"पण आई, या हिवाळ्यात परत छाती भरली तर सरळ वृद्धाश्रम. घराला कुलूप."

नोव्हेंबरात बॉयलर दुरुस्त करणारी ग्वेंडा माझ्या तपासणीला आली.

"आजी, हे ऐंशीवर कुठल्या गाढवानं ठेवलं?"

"ज्याला मी तीन बिस्किटं दिली, त्यानं."

नळाच्या पाण्याचं बटण तिने तसंच ठेवलं. रेडिएटरचं पंचावन्नवर आणलं. "आता दिवसभर चालू ठेवा, गॅस वाया जाणार नाही. हाताला कोमट लागेल, घाबरू नका. कडाका पडला तर थोडं वाढवा."

आयुष्यात पहिल्यांदा मी शांत जळलो. दहा दिवसांत खोली एकसारखी उबदार झाली, आजींचा एक स्वेटर उतरला, खोकला निवळला.

रविवारी क्लाइव्हने तळवा लावला.

"हा तर मेलाय! आई, तुला मरायचंय का?" आणि हात थेट माझ्या बटणाकडे!

"हात काढ!"

"अगं, कोमट आहे तो!"

"रेडिएटरची तब्येत काय विचारतोस? मला विचार ना! आणि आधी तो कोट काढ, गाढवा. घामानं निथळतोयस."

क्लाइव्हने कपाळ पुसलं. मग कोट काढला.

मित्रांनो, एक बटण मागे फिरवायला या घराने अकरा हिवाळे घेतले. यंत्राला दामटण्याआधी त्याचं माहितीपुस्तक वाचा. आणि ऊब पुरते का, हे घरात बसलेल्या माणसाला विचारा.