जिथं पाणी लवकर मुरलं

मी एक लोखंडी कडं बोलतोय. हातात घालायचं नव्हे, जमिनीत ठोकायचं. दोन्ही बाजूंनी उघडं, दीडेक वीत उंच, घाव सोसून सोसून वरचा काठ चेपलेलं. मला पाहिलं की लोकांना बूड गळून पडलेली बादली आठवते. माझ्याच घडणीचं, पण माझ्याहून रुंद असं आणखी एक कडं माझ्याभोवती बसायचं. त्याला मी थोरला म्हणायचो.

आमचा जन्म तुळजापूरचा. महांतप्पा नावाचे कारागीर तिथं लॉजवाल्यांना लोखंडी कॉट आणि खिडक्यांच्या जाळ्या करून देत. त्यांच्या दुकानात एक दिवस दीपमाला आली. परंड्याची मुलगी, कॉलेजात माती आणि पाण्याचा अभ्यास करणारी. तिनं कागदावर दोन वर्तुळं काढून आणली होती. महांतप्पांनी तो कागद फिरवून फिरवून पाहिला.

"ह्याला बूड न्हाय. पानी राहनार कसं?"

"राहायचंच नाही, मामा. किती लवकर जातं तेच बघायचंय."

महांतप्पा हसले नाहीत. त्यांनी पत्रा वाकवला, सांधा जोडला आणि माझी खालची कड घासून घासून धारदार केली, मातीला फार इजा न करता आत शिरता यावं म्हणून.

माझं काम सोपं होतं. दीपमाला मला जमिनीवर ठेवायची, वर लाकडी फळी धरायची आणि हातोड्यानं चार बोटं खोल ठोकायची. भोवती थोरला. मग दोघांत पाणी. थोरल्यातलं पाणी आजूबाजूला पसरायचं आणि त्याच्यामुळे माझ्यातलं पाणी सरळ खाली जायचं. आत एक पट्टी उभी असायची. पाणी किती उतरलं ते दीपमाला ठराविक वेळानं वाचायची. कोरडी माती आधी घटाघटा पिते, मग तिची तहान मंदावते आणि शेवटी ती एका संथ चालीनं पाणी घेत राहते. ही शेवटची चाल कळली की दीपमाला ते आकडे संगणकात घालायची आणि त्यावरून गणित मांडायची, की मोठा पाऊस आला तर ह्या रानात किती मुरेल आणि किती वाहून जाईल.

एक गोष्ट मी पुष्कळ रानांत पाहिली. पाणी मुरताना भोवतीची माणसं हळूहळू बोलायची थांबतात. आल्या आल्या थट्टा करणारी माणसंसुद्धा माझ्यात वाकून बघताना गप्प होतात.

बेंबळीच्या पलीकडल्या एका गावात आम्ही गेलो त्या उन्हाळ्यात गावाला पाझर तलाव मंजूर व्हायचा होता. जागा दोन होत्या. एक नाल्याकाठचं गायरान आणि दुसरी आबारावांचं माळाचं रान. गावाची विहीर आबारावांच्या रानाच्या खालच्या अंगाला, म्हणून सरपंच रणधीर ह्यांचा आणि बऱ्याच जणांचा ओढा तिकडेच होता. पाणी जिथं जास्त मुरेल तिथं तलाव, असं ठरलं आणि मोजायचं काम दीपमालाकडे आलं. तलाव झाला की ते रान पाण्याखाली जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. जमीन देणार नाही असं आबाराव कुणाला म्हणाले नाहीत. देतो असंही म्हणाले नाहीत.

आबाराव सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. त्यांची बायको सरुबाई मात्र पहिल्याच दिवशी घागर घेऊन आली. उन्हातान्हात पोर एकटी राबते म्हणून भाकरीही आणायची. दोन्ही मुलं पुण्याला असतात, नातवंडं दिवाळीला येतात, असं ती पाणी ओतता ओतता सांगायची.

गायरान आम्ही आधीच मोजून झालं होतं. आबारावांच्या रानात वर वीतभर माती आणि खाली कठीण मुरूम. पाणी फार हळू उतरायचं. दीपमाला सारख्या अंतरावर जागा घेत चालली होती. बांधाजवळच्या एका कोपऱ्यापाशी आली तेव्हा आबारावांनी हात आडवा केला. "तिथं नको. खाली धोंडा हाय. म्या नांगर बी तिथं उचलूनच घेतो." दीपमालानं ती जागा सोडली.

पण नकाशावर ती जागा रिकामी दिसत राहिली आणि ते तिला खटकत होतं. पुढं एकदा आबाराव बाजाराला गेले असताना तिनं सरुबाईला विचारलं. सरुबाई म्हणाली, "ठोक की. धोंडा लागला तर काढून दुसरीकडं लाव."

धोंडा लागला नाही. इतक्या सहज मी आजवर कुठल्याच माळात शिरलो नव्हतो. सरुबाईनं आपल्या हातानं घागर माझ्यात रिती केली आणि पाणी बघता बघता खाली गेलं. दीपमालानं पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. संथ चाल यायची वेळ झाली तरी ते थांबायला तयार नव्हतं.

नेमके तेव्हाच रणधीर मोटरसायकलवरून चालले होते. त्यांनी उतरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, मग जागा सापडली म्हणायची," असं म्हणून ते गेले, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तलाव आबारावांच्या रानात.

दीपमालानं कॉलेजातल्या सरांना फोन लावला. सरांचं म्हणणं, बाकीच्या आकड्यांच्या वळणात हा एकच बसत नाही, म्हणजे काहीतरी चुकलंय, काढून टाक. एकीकडे गाव तो आकडा धरून बसलं होतं, दुसरीकडे सर तो खोडायला सांगत होते. दीपमालानं दोन्ही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्या जागेच्या चहूबाजूंनी, हातहात अंतरावर मला ठोकलं. सगळीकडे तोच कठीण मुरूम, तीच मंद चाल. पाणी धावत होतं ते फक्त तेवढ्या एका लहानशा तुकड्यात.

सरुबाई भाकरी घेऊन आली तेव्हा दीपमाला तिला साधेपणानं म्हणाली, "मावशी, इथं कधीतरी खोल खड्डा खणलाय कुणीतरी. खालचा मुरूम फोडून परत माती लोटलीय. एवढाच, दोन-अडीच हात."

सरुबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती त्या ओल्या मातीकडे बघत खाली बसली. खूप वेळानं तिनं सांगितलं. मुलांच्या आधी तिला एक लेक झाली होती. बारसं व्हायच्या आत गेली. सरुबाई बाळंतिणीच्या खोलीत तापानं फणफणलेली. आबाराव फडक्यात गुंडाळून लेकराला घेऊन गेले आणि रिकाम्या हातानं आले. कुठं ठेवलं, असं तिनं एकदा विचारलं होतं. 'रानात' एवढंच ते म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आबाराव बांधावरून येत होते. रोवलेली कडी आणि खाली बसलेली बायको बघून ते लांबच थांबले. मग सावकाश जवळ आले. दीपमाला उठून बाजूला जाऊ लागली, पण सरुबाईनं तिचा हात धरून ठेवला.

"धोंडा न्हाय इथं," सरुबाई म्हणाली.

"न्हाय."

"चाळीस वर्सं खुरपलं म्या ह्या रानात. हिच्यावरनं चालले असंन."

"न्हाय चाललीस. म्या तुला तिथं जाऊच दिलं न्हाय कधी." आबाराव त्या ओल्या मातीकडे बघत होते. "सांगितलं असतं तर तू इथनं उठली नसतीस, सरू. मागं संसार व्हता."

सरुबाई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं माझ्या काठावर तळहात ठेवला.

"तोंड कुणीकडं केलं व्हतं तिचं?"

"घराकडं."

मग आबाराव बायकोच्या शेजारी मातीत बसले. इतकी वर्षं नांगर उचलून घेतलेल्या त्या जागेपाशी ते दोघं एकत्र बसले, ते पहिल्यांदाच.

ग्रामसभा भरली तेव्हा आम्हा दोघांनाही दाखवायला म्हणून टेबलावर ठेवलं होतं. दीपमालानं समजावून सांगितलं, की आबारावांच्या रानात पाणी मुरत नाही. एका ठिकाणी मुरतं, पण तो जमिनीचा गुण नाही, तिथं पूर्वी खणलेलं आहे. त्या एका आकड्यावर तलाव बांधला तर पाणी वर उन्हात आटेल आणि विहीर कोरडीच राहील. गायरानात नाल्याकाठी ते खरोखर खाली जातं आणि झिरपत विहिरीकडे येईल. रणधीर ऐकायला तयार नव्हते. कशासाठी खणलं होतं, कुणी खणलं होतं, असं ते विचारत राहिले. ते सांगायचा अधिकार दीपमालाचा नव्हता.

मागून आबाराव उठले. टोपी काढून हातात घेतली.

"तिथं माझी लेक हाय," ते म्हणाले आणि खाली बसले.

रणधीर खुर्चीतून उठले, आबारावांपाशी जाऊन वाकले आणि त्यांच्या पायाला हात लावला. तलावाचा ठराव गायरानाच्या जागेचा झाला.

दीपमालानं तो आकडा गणितातून वगळला, पण खोडला नाही. वगळल्याचं कारण तिनं खाली लिहिलं: जागा पूर्वी खणलेली आहे. कुणासाठी खणली होती ते लिहिलं नाही. सरांनीही ते फोनवर ऐकून घेतलं आणि पुढं काही विचारलं नाही.

आता दीपमाला नोकरीला लागून दूर गेली आहे. कॉलेजात नवी यंत्रं आली, ती जमिनीत खुपसली की आकडा आपोआप पडद्यावर येतो. थोरल्याला कुणीतरी झाडाच्या आळ्यासाठी नेलं, तो परत आला नाही. मी भांडारात मोडक्या बाकांखाली पडून आहे. सांध्याला गंज चढलाय. मध्ये एकदा दीपमाला कॉलेजात आली होती, तेव्हा तिनं मला हातात घेऊन पुसलं आणि शेजारच्या मुलीला सांगितलं, की गायरानातल्या तलावानं विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही थोडं टिकू लागलंय. सरुबाई हल्ली दुपारची भाकरी त्या कोपऱ्यातच बसून खाते. आबारावही असतात.

मला भंगारात घालाल, तर घाला. लोखंडाचं दुसरं काहीतरी होईलच. तुम्हाला एवढंच सांगायचंय, की रान मोजायला जाल तेव्हा एखादा आकडा तुमच्या वळणात बसणार नाही. त्याला लगेच खोडू नका आणि त्याच्यावर लगेच तलावही बांधू नका. त्या रानात राबणाऱ्या माणसाला आधी विचारा. त्याला सांगायला वेळ लागेल. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.