पुतळीच्या हातातला चुडा

उकड्या तांदळासाठी हंड्यात सालीसकट भात उकडत होतं. दाणा फुटला का ते बघायला पुतळीनं झाकण उचललं, हंडा जरा कलता केला, आणि चुलीचा एक दगड सरकला. उकळतं पाणी तिच्या उजव्या मनगटावरून बोटांपर्यंत ओतलं गेलं.

किंकाळी ऐकून सून गिरजा धावली. गुंद गावच्या या घरात तिला येऊन चारच महिने झाले होते. तिनं सासूला दंडाला धरून ओढलं ते थेट परसात. तिथं झऱ्याचं गार पाणी बांबूच्या पन्हळीतून अखंड पडत असे.

"सोड गे! भाजल्यावर पाणी? फोड येतील!"

"येऊ देत, आत्याबाई. हात काढू नका."

शेजारची बायजा शेणाचा गोळा घेऊन आली. "सरक. शेण लावलं की आग निवती."

"शेण न्हाई लावायचं, मावशी."

"बघा! कॅसलरॉकला चार दिवस ऱ्हायली आन् वैदीण झाली!"

गिरजाचा भाऊ परशू कॅसलरॉकला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकी. लग्नाआधी ती त्याच्याकडे राहायची. तिथं एका माणसाच्या हातावर वाफ आली होती. लोकांनी हात पाण्यात धरला, पण बोटातली अंगठी कुणाच्या ध्यानात आली नाही. हात सुजला, अंगठी रुतली, बोट काळं पडलं आणि शेवटी तोडावं लागलं. ते काळं बोट गिरजा विसरली नव्हती. आता तिची नजर पुतळीच्या मनगटावर गेली. तिथं सहा हिरव्या बांगड्या घट्ट बसल्या होत्या आणि कातडी फुगू लागली होती. एक सरकवून पाहिली, पण हलेना.

"आत्याबाई, ह्या बांगड्या वाढवाव्या लागतील."

बायजाच्या हातातलं शेण खाली पडलं. पुतळीचा नवरा म्हादू तीन दिवसांमागं कुळगीच्या रानात लाकडं तोडायला गेला होता. त्या अंगाला वाघ फिरतो अशी कुणकुण होती.

"माझा माणूस रानात हाय," पुतळी म्हणाली. "एक हात मोकळा म्हंजे अर्धं कुंकू पुसल्यागत. तुझ्या हातानं त्याला मारतीस व्हय?"

"चार महिन्यांत सासरा खाणार ही," बायजा म्हणाली.

गिरजाच्या मनात आलं, मामंजी परत आले नाहीत तर? जन्मभर हेच बोल कानी येणार. पण गेल्या उत्सवात देवळात बुवा कीर्तनात म्हणाले होते, 'बाळांनो, देवाचं भय धरायचं तर एवढंच धरा, की हाती आलेलं त्याचं काम अर्धं टाकू नका.' तिनं डोळे मिटून एकदा देवाचं नाव घेतलं आणि पहिल्या बांगडीखाली ओलं फडकं सारलं. मग गुळगुळीत गोटा हलकेच मारला.

टक्. मग दुसरी.

शेवटच्या बांगडीला पुतळीनं टाहो फोडला, "म्हादू!" तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव तिनं पहिल्यांदा घेतलं होतं.

मनात दोन माळा जप होईतो गिरजानं हात धारेखाली धरला. मग धुतलेलं धोतर भिजवून सैल गुंडाळलं. फोडांना कुणाला हात लावू दिला नाही.

दिवस कलेपर्यंत हात कोहळ्यासारखा सुजला. बायजानं ते पाहिलं आणि पडलेलं शेण उचलून परत नेलं.

तेवढ्यात पायवाटेवर माणसं दिसली. दोघांच्या खांद्यावर बांबू होता, बांबूला घोंगडी टांगलेली, आणि घोंगडीत कोणीतरी होतं. पुतळीनं गुंडाळलेला हात छातीशी धरला.  गिरजा देवाचं नाव घ्यायला गेली, पण ते आठवेना.

घोंगडीतून कण्हत आवाज आला, "हळू रं, पाय दुखतोय." म्हादूबरोबर रानात गेलेला झिलू होता. घसरून त्याचा घोटा मुरगळला होता. सगळ्यांच्या मागून, खांद्यावर कुऱ्हाड टाकून, म्हादू येत होता.

त्यानं बायकोचा हात पाहिला. पन्हळीखालची हिरवी काचही पाहिली.

"एकाच हातातल्या वाढवल्या? म्हंजे मी अर्धाच मेलो व्हय?" तो म्हणाला. "पोटाचा अर्धा तेवढा जित्ता हाय. जेवायला वाढा."

पुतळी हसता हसता रडू लागली. मग डाव्या हातानं तिनं सुनेला जवळ ओढलं. तेव्हा कुठं तिला कळलं, की दिवसभर दगडासारखी उभी राहिलेली पोर आता पानासारखी कापत होती.

"काच झाडून घेऊ आपण दोघी," पुतळी म्हणाली. "पर आधी जरा बस, माझ्या बाये."