तहकूब कोन शे?

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जुनी म्हणजे किती, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या पहिल्या पानावर एक तारीख आहे, दुसऱ्या पानावर तिच्या आधीची तारीख आहे, आणि दोन्ही पाने एकाच दुपारी लिहिली गेली. तेव्हापासून मी जरा गोंधळलेलीच असते.

माझा जन्म शहाद्याचा. स्टँडजवळच्या एका दुकानात माझी दोनशे पाने शिवली गेली, पाठीला लाल कापड लागले आणि प्रत्येक पानावर शिक्क्याने आकडा उमटवला गेला. शेजारी हजेरीपटांचा ढीग होता. ते म्हणायचे, आम्हाला रोज उघडतात. मला वाटले, मलाही रोज उघडतील. तापीकाठच्या एका गावातल्या शाळेत मी आले. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या गावात मला अजून राहायचे आहे. माझ्यावर चिकटवलेल्या कागदावर 'पालक-शिक्षक संघ, कार्यकारी समिती, इतिवृत्त नोंदवही' असे लिहिले होते. ऑफिसात मात्र मला सगळे 'प्रोसिडिंग' म्हणतात. सभेत कोण आले, कोण काय बोलले, कोणता ठराव झाला, हे पोटात ठेवायचे, एवढेच माझे काम.

पहिली चार वर्षे मी एकही सभा पाहिली नाही, आणि माझ्या पोटात मात्र सोळा सभा आहेत. हे कसे, ते मला आजही कळलेले नाही. तपासणीचे साहेब येणार असे कळले की मुख्याध्यापक जालमसिंग सर मला कपाटातून काढायचे. मग निळ्या शाईने जुलैची सभा व्हायची, काळ्या शाईने ऑक्टोबरची, आणि चहा झाला की पुन्हा निळ्या शाईने जानेवारीची. त्यानंतर शिपाई उदेसिंग मला पिशवीत घालून घरोघर फिरवायचा आणि सह्या गोळा करायचा. कुणी गोठ्यात सही केली, कुणी पोळी लाटता लाटता केली. माझ्या सातव्या पानावर पिठाचा अंगठा आहे. साहेबांनी तो पाहिला आणि खाली शेरा लिहिला, 'पालकांचा सहभाग उत्तम.' मित्रांनो, माझे आयुष्यात झालेले कौतुक ते एवढेच.

तपासणी झाली की मी पुन्हा कपाटात. एक वर्ष तर मी प्रयोगशाळेच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होते. टेबल डुगडुगत नव्हते, तेव्हा माझा उपयोग होत असावा.

मग यंदा उमाकांत सर बदलून आले. ते सोलापूरकडचे. संघाचा सचिव शिक्षक असावा असा नियम आहे, आणि नव्या शिक्षकाला नाही म्हणता येत नाही असाही एक नियम आहे, पण तो लिहिलेला नाही. त्यामुळे सचिवपद त्यांच्याकडे आले. त्यांनी मला टेबलाखालून काढले, फडक्याने पुसले आणि सगळी वाचली. सातव्या पानाशी बराच वेळ थांबले.

जुलैमध्ये त्यांनी समिती नियमाप्रमाणे केली. मुख्याध्यापक हेच अध्यक्ष. उपाध्यक्ष पालकांतून. पाचवी ते दहावी प्रत्येक वर्गाच्या पालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि लहान मुलाकडून एक उचलायची. निम्म्या बायका हव्यात. शिक्षक धरून एकूण सोळा जण झाले. सोळातले आठ आले तरच सभा, नाहीतर नाही. याला गणपूर्ती म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. गावाला तो ठेवता आला नाही.

आठवीच्या डब्यातून शांतीबाईंची चिठ्ठी निघाली. बाईंची चिठ्ठी निघाली की सभेला त्यांचे यजमान येतात, अशी आमच्याकडे पद्धत आहे. पण शांतीबाईंचे यजमान भिकनभाऊ मजुरीसाठी गुजरातेत होते, म्हणून ऑगस्टच्या सभेला शांतीबाई स्वतःच आल्या. एकूण चार जण आले होते. त्यांतले दोघे शिक्षकच होते आणि तिसरे जालमसिंग सर.

शांतीबाई उभ्या राहिल्या आणि अहिराणीत बोलल्या. आमच्या गावात सगळे तेच बोलतात.

"साहेब, शाया पाचले सुटस नि आमना वाडीनी बस पावनेपाचले जास. मंग मन्ही आंडेर साडेसातनी बसमा येस. उतरीसन वाडीलगून उसमातून वाट शे, नि उसमा बिबट्या शे. आते दिवस लहान व्हतीन. दिवाळीलगून बसनी येळ बदलनी नही, तर मी भूमिकाले शायमातून काढी लिसू."

उमाकांत सर लिहीत होते. आधी त्यांनी माझ्यावर 'अंधार' लिहिले. जालमसिंग सर म्हणाले, "अहो, आंडेर म्हणजे मुलगी." मग ते खोडून 'मुलगी' लिहिले. दिवाळीपर्यंत बसची वेळ बदलली नाही तर मुलीला शाळेतून काढणार, इथवर लिहून झाले आणि लेखणी थांबली.

"बाई, आज आपण चारच आहोत. आठ जण असल्याशिवाय आगाराला पाठवायचा ठराव करता येत नाही."

"लिहून टाका हो सर," जालमसिंग सर म्हणाले. "सह्या उदेसिंग आणील. चार वर्षं आणतोच आहे."

"न आलेल्या माणसाची सही घेतली, तर आलेल्या बाईंची किंमत काय राहिली?"

जालमसिंग सर छताकडे पाहू लागले. उमाकांत सरांनी सुंदर अक्षरात लिहिले, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.'

ज्या सभांना एकही माणूस नव्हता, त्या सोळाच्या सोळा पूर्ण झाल्या होत्या. आणि आज खरी माणसे खऱ्या खुर्च्यांवर बसली, तर सभा झालीच नाही! सप्टेंबरमध्ये पाच जण आले. तेच वाक्य. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीन जण आले. पुन्हा तेच वाक्य. शांतीबाई तिन्ही वेळा आल्या आणि तिन्ही वेळा भूमिकाला घेऊन साडेसातच्या बसने गेल्या.

चौथ्या सभेची सूचना फिरवायला उदेसिंग मला घेऊन निघाला. पहिला थांबा इद्रिसभाईंचे दुकान. इद्रिसभाई कापूस पिंजतात, गाद्या आणि रजया भरून देतात. त्यांची माहेनूर नववीत, म्हणून तेही समितीत होते, पण सभेला कधी आले नव्हते. शांतीबाई तिथेच रजई भरायला टाकून बसल्या होत्या.

"उदेसिंगभाऊ," त्या म्हणाल्या, "मागली सभानं काय व्हयनं ते वाच बरं. तीन येळा गयी, तीन येळा हात हलावत उनी."

उदेसिंगने मला उघडले. त्याला वाचता येते, पण अक्षरे एकमेकांपासून लांब असली तर. सरांच्या 'अ'वर त्यानेच मागे चहाचा थेंब पाडला होता आणि तो मागच्या दोन पानांतही मुरला होता. तो बोट ठेवून वाचू लागला, "गण… पूर्ती… भावी… सभा… तहकूब."

इद्रिसभाईंचा हात कापसात थांबला. "गणपूर्ती भाभी? ये कौन है?"

"नि तहकूब कोन शे?" शांतीबाईंनी विचारले.

उदेसिंगने मागची दोन पाने उलटली. तिथेही तीच दोन नावे. त्याने मान डोलावली. "नवरा-बायको व्हतीन. पुस्तकमा दरयेळा सोबतच येतस."

"याकूब मेरा चचेरा भाई है," इद्रिसभाई म्हणाले, "मगर वो सूरत में है. तहकूब तो हमारे मोहल्ले में कोई नहीं. और भाभी का नाम तो आपकी तरफ का लगता है."

"आमनाकडे असं नाव कोनी ठेवस नही."

"तो फिर ये लोग बाहर के हैं."

"बाहेरना ऱ्हावोत नाहीतर घरना," शांतीबाई म्हणाल्या. "तीन येळा मन्ही सभा यासनीच मोडी. शुक्रवारले येतीन तव्हय मी इचारसू, मन्ही आंडेरनी तुमनं काय बिघाडं? तू बी ये, इद्रिसभाऊ. तू कव्हयच उना नही."

"सीज़न है, बहेन. सर्दी आ रही है, सबको रजाई चाहिए."

"मंग मी बी रजई परत लिसू."

"आता हूँ, आता हूँ," इद्रिसभाई म्हणाले आणि सूचनेवर सही केली.

मित्रांनो, मी तिथेच होते. मला सगळे ठाऊक होते. पण वहीला तोंड नसते, नुसती पाने असतात.

उदेसिंग पुढे ज्या ज्या घरी गेला, तिथे त्याने सूचनेबरोबर ही बातमीही दिली. दोन दिवसांत तहकूबचे बरेच काही कळले. कुणी म्हणाले, तो नंदुरबारच्या कचेरीतला माणूस आहे. कुणी म्हणाले, बसवाल्यांनीच त्याला पाठवले आहे. एकाने तर त्याला मोलगीच्या बाजारात पाहिले होते आणि त्याच्या अंगात निळा शर्ट होता. गणपूर्तीभाभींना मात्र कुणी पाहिले नव्हते. त्या घराबाहेर पडत नसाव्यात.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शुक्रवार आला. चार वाजता आठवीच्या मोकळ्या केलेल्या वर्गात चाळीस माणसे बसली होती आणि तेवढीच खिडकीत उभी होती. समितीचे सोळापैकी तेरा जण हजर होते. उमाकांत सरांनी मला टेबलावर ठेवले आणि माणसे दोनदा मोजली. त्यांना वाटले, आपण सूचना या वेळी ठळक अक्षरात लिहिली, त्याचा हा परिणाम. घसा साफ करून ते म्हणाले, "आज मला सांगायला आनंद होतो, की गणपूर्ती आहे."

"कोठे शे?" मागून आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. "उनी का? बसाले जागा द्या रे तिले!"

दाराशी कुणीच नव्हते. उमाकांत सरांनीही वळून पाहिले. का पाहिले, ते त्यांनाही कळले नसावे.

"भाभी बाद में," इद्रिसभाई उभे राहिले. "पहले तहकूब!"

"बराबर! तहकूब!" खिडकीतून कुणीतरी ओरडले. मग सगळा वर्गच ओरडू लागला. "तहकूब! तहकूब!"

सरांचा चेहरा उतरला. ते जालमसिंग सरांकडे वाकले. "सर, हे लोक जमले ते सभा होऊ नये म्हणून?"

"बहुमत दिसतंय," जालमसिंग सर म्हणाले. त्यांनाही काही उमगत नव्हते, पण अध्यक्षाने तसे दाखवायचे नसते.

सरांनी लेखणी उचलली आणि माझ्यावर लिहू लागले, 'उपस्थितांच्या आग्रहास्तव सभा त…' तेरा माणसे बसलेली असताना, सुट्टीआधीची शेवटची सभाही हातची चालली होती. आणि भूमिकाची शाळाही.

एवढ्यात माझ्या पानावर एक हात पडला. कापूस वेचून खरखरीत झालेला हात. शाई त्या बोटांना लागली.

"थांबा सर," शांतीबाई म्हणाल्या. "तहकूबनं नाव चवथ्यांदा लिखू नका. पहिले तो मानूस माले दखाडा."

"माणूस?" सर म्हणाले. "कुठला माणूस?"

सरांनी एकदा शांतीबाईंकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मग ते खुर्चीत हळूहळू बसले.

"बाई, तहकूब म्हणजे माणूस नाही. तहकूब म्हणजे सभा पुढे ढकलली."

"नि गणपूर्ती?"

"पुरेशी माणसं येणं."

"और भाभी?" इद्रिसभाईंनी विचारले.

"भाभी नाही हो. अभावी. म्हणजे, नसल्यामुळे."

शांतीबाई ओठ हलवत सगळे शब्द एकापुढे एक लावत होत्या. मग त्या वळल्या आणि बसलेल्या मंडळींतल्या एकेकाकडे पाहत गेल्या.

"म्हंजे पुस्तकमा इतलंच लिखेल शे, की तुम्ही उनात नही म्हनीसन सभा व्हयनी नही? तीन महिना मी ज्याले धुंडी ऱ्हायनी, तो तहकूब हाऊ आठे पहिली बाकवर बशेल शे! नि हाऊ त्याना शेजारना!"

पहिल्या बाकावर इद्रिसभाई होते. त्यांनी दोन्ही कान धरले. "पकड़ा गया, बहेन."

आधी शांतीबाईच हसल्या, म्हणून मग बाकीच्यांना हसता आले.

त्या दिवशी माझ्यावर ठराव झाला. शाळा सुटल्यावर, म्हणजे सव्वापाचला, वाडीची बस सोडावी. सर एकेक ओळ लिहीत आणि शांतीबाई म्हणत, "वाची दखाडा." सर वाचत. 'सदर' आला तेव्हा त्यांनी थांबवले आणि "हाऊ सदर कोन शे?" विचारले. सरांनी तो शब्द खोडला. ठराव त्याशिवायही उभा राहिला. तेरा सह्या तिथल्या तिथे झाल्या, शाई ओली असताना. शांतीबाईंनी अंगठा दिला नाही. आपले नाव त्या सावकाश लिहीत गेल्या आणि वर्ग थांबून राहिला. सोमवारी जालमसिंग सर, शांतीबाई आणि इद्रिसभाई स्वतः आगारात नक्कल देऊन आले.

सुट्टीनंतर बस सव्वापाचला सुटू लागली. आमच्या ठरावाने, की तिघे जण समोर जाऊन बसले म्हणून, ते मला ठाऊक नाही. उत्तराचे पत्र दुसऱ्या फायलीत लागते आणि त्या फायलीशी माझी ओळख नाही.

मित्रांनो, माझी काळजी कशी घ्यावी ते सांगते. मला टेबलाच्या पायाखाली ठेवू नका, माझ्यावर चहा ठेवू नका. पण त्याहून मोठी काळजी तुमच्या हातात आहे. उदेसिंग फक्त समितीच्या घरी जातो; बाकी घरांत सभेची सूचना तुमच्या दप्तरातूनच जाते. ती तळाशी चुरगळू देऊ नका. आईला द्या, वाचून दाखवा, आणि एखादा शब्द अडला तर अर्थ विचारायला लाजू नका. शहाण्या माणसांनाही तो माहीत नसतो. ते फक्त मान डोलावतात.

आता प्रत्येक सभेच्या शेवटी माझे पान मोठ्याने वाचले जाते. पाचला वर्ग सुटला की हे काम भूमिका करते. तिचा आवाज खणखणीत आहे. मात्र घड्याळात पाच-दहा झाले की ती वाक्य अर्धे टाकते, दप्तर उचलते आणि स्टँडकडे पळत सुटते. उरलेले वाक्य सर वाचतात. ते तितके चांगले वाचत नाहीत, पण माझी काही तक्रार नाही.