पाय कापलेली खुर्ची

टक्. चोखणी दगडी फरशीवर पडली, दोनदा उडाली आणि खुर्चीखाली गेली.

एवढ्या मोठ्या कोठारात तेवढाच आवाज. रूफसचे डोळे नुकते मिटत आले होते. त्याने ते सताड उघडले आणि चोखणी मीच भिरकावल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

त्याला घोंगडीवर ठेवून मी पालथी झाले आणि खुर्चीखाली हात घातला. चार महिन्यांच्या बाळाची आई निम्मा दिवस जमिनीवरच असते, त्यात नवल नाही. चोखणी सापडली. मान वर करताना बैठकीची खालची बाजू दिसली, आणि मागच्या कडेशी मळाच्या थरात काहीतरी खोलगट. रूफसचं ओलं फडकं हातातच होतं, ते फिरवलं. ‘जे’. मग एक ठिपका. मग ‘एस’.

मी तशीच पडून राहिले.

ही अक्षरं मला पाठ होती. मिस्टर प्रॉसरांच्या कोठारात आमच्या भागातल्या शेतघरांचं जुनं सामान मांडलेलं आहे: उंच पाठीची बाकं, बश्यांची फडताळं, पाळणे, पिठाच्या पेट्या. मी त्यांना मेण लावते, माहितीची कार्डं लिहिते. मधोमध पाच खुर्च्यांची रांग आहे. एल्म लाकडाची बैठक, ॲश लाकडाच्या काड्यांची पाठ, आणि प्रत्येकीच्या बैठकीखाली कोरलेलं ‘जे. एस.’. हा सुतार कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. संच मात्र सहाचा होता. मिस्टर प्रॉसरांनी तीस वर्षं एकेक करून पाच जमवल्या. एक लिलावात मिळाली, एक प्रार्थनाघराच्या माळ्यावर, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यात. सहावीची जागा ते रिकामी ठेवतात आणि दर वर्षी मे महिन्यात कोठार लोकांना बघायला उघडायच्या आधी तिथे खडूने चौकोन आखतात.

आणि सहावीत बसून मी माझ्या बाळाला पाजत होते.

तिचे पाय कुणीतरी चार बोटं कापले होते. अशा खुर्चीला जुन्या सामानाच्या धंद्यात बिघडलेली म्हणतात, कुणी हात लावत नाही. मिस्टर प्रॉसरांनी ती पंचविशीत घेतली, त्यांची पहिली खरेदी. पाय कापलेले त्यांना कळलेच नाहीत. इतर व्यापारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. खुर्ची घेण्याआधी उलटी करून बघायची, हा पहिला नियम. ही घेतली तेव्हा त्यांना नियम माहीत नव्हता, आणि माहीत झाल्यावर लाजेने तिच्याकडे बघवेना. ती कोळशाच्या खोलीत गेली ती गेलीच, आणि काजळीने लाकूड कुठलं तेही ओळखू येईना.

जानेवारीत मी कामावर परत आले तेव्हा रूफस जेमतेम तीन आठवड्यांचा. टाके अजून ओढत होते. उंच बाकावर बसून पाजायचा माझा खटाटोप मिस्टर प्रॉसरांनी दारातून पाहिला. थोड्या वेळाने ही खुर्ची घेऊन आले, डोक्यावरच्या टोपीने पुसली आणि शेगडीजवळ ठेवली.

“बिघडलेलीच आहे,” म्हणाले. “तू आणि बाळ मिळून आणखी काय बिघडवणार?”

बसले, आणि माझे पाय जमिनीला टेकले. गुडघे वर आले, बाळ आपोआप मांडीच्या खळग्यात. माझी पाठ दिवसभरात पहिल्यांदा गप्प बसली. मला रडू आलं. बरं झालं, ते बाहेर गेले होते. तेव्हापासून रूफसने तोंड उघडलं की त्यांना कोंबड्यांचं काहीतरी तातडीचं आठवतं. कोंबड्या सहा आहेत. त्यांना दिवसातून आठ वेळा काय विचारतात कोण जाणे.

तर अक्षरांचं हे त्यांना सांगायचं होतं. आणि सांगितलं की खुर्ची जाणार, हेही कळत होतं. पाय जोडले जाणार, ती रांगेत उभी राहणार, कुणी बसू नये म्हणून पुढे दोरी.

दोन दिवस मी गप्प राहिले. घरी फक्त नवऱ्याला, ह्यूला सांगितलं.

“नको सांगूस,” ह्यू म्हणाला. दुधाचा टँकर चालवून आलेला, बूटसुद्धा काढले नव्हते. “म्हाताऱ्याचं काय अडलंय?”

“तीस वर्षं अडलंय.”

“मग सांग.”

“मग मी कुठे बसू?”

“बघ बाई,” तो बूट ओढत म्हणाला. “तू सांगणारच आहेस. उगाच मला कशाला मध्ये घेतेस?”

तिसऱ्या दिवशी मिस्टर प्रॉसर गुडघ्यांवर बसून खडूचा चौकोन आखत होते. ऐंशी वर्षांचे गुडघे कुरकुरत होते. मला ते बघवलं नाही.

“मिस्टर प्रॉसर, चौकोन राहू द्या. ती आहे. शेगडीजवळ.”

(इथवर लिहिलं आणि रूफस उठला. पुढचं आज लिहितेय.)

त्यांनी खुर्ची उलटी केली. अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग तिथेच फरशीवर बसून हसायला लागले.

“पंचावन्न वर्षं कोळशात! आणि मी सगळा जिल्हा पालथा घातला. बेथन, पोरी, माझ्यासारखा गाढव पाहिलास का?”

“मी दोन दिवस बोलले नाही,” मी म्हटलं. “मला ती हवी होती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रूफसकडे. खुर्ची त्यांनी शेगडीजवळच परत ठेवली. पण दुपारी त्यांनी डिल्विनला फोन केला, आणि आवाज लहान मुलासारखा झाला होता.

डिल्विन बेवन सुतार आहे आणि मिस्टर प्रॉसरांचा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे त्यांना नुसतं ऑब्री म्हणायचा आणि काहीही बोलायचा हक्क असलेला. ॲशच्या जुन्या लाकडाचे चार तुकडे आणि करवत घेऊन आला.

“हीच का ती? जिच्यापायी तुझं हसं झालं होतं?”

“तोंड बंद आणि काम चालू ठेव.”

“तोंड बंद ठेवायचे वेगळे पैसे पडतील, ऑब्री.”

त्याने खुर्ची बाकावर उलटी ठेवली. जोड बसायला आधी टोकं सरळ कापावी लागतात. करवत लावली, आणि थांबला. चष्मा कपाळावर सरकवला.

“हे बघ. कापल्यावर कडा घासून गोल केल्यात. बिघडवायला निघालेला माणूस कडा घासतो का?” बोट मागच्या पायांवर गेलं. “आणि हे तिरके झिजलेत. बसून नुसतं झिजत नाही असं.”

मला माहीत होतं कसं झिजतं. मी डोलते ना. रूफस झोपेना की टाचा टेकवते आणि मागच्या पायांवर झुलते.

“मी दाखवू?” मी विचारलं.

डिल्विनने खुर्ची खाली ठेवली. मी रूफसला घेऊन बसले आणि झुलले. दोघे म्हातारे वाकून पायांकडे बघत होते. झीज फरशीला पुरती टेकत होती, पुढे, मागे, पुढे.

“एका बाळाचं काम नाही हे,” डिल्विन हळूच म्हणाला. “पिढ्यांचं आहे. सांग, कापू?”

मिस्टर प्रॉसरांनी पाच खुर्च्यांकडे पाहिलं. तीस वर्षांची रांग हाताच्या अंतरावर होती, सारख्या उंचीची, पूर्ण.

“बाकीच्या पाच नुसत्या टिकल्या,” ते शेवटी म्हणाले. “ही कामाला लागली होती. करवत ठेव, डिल्विन.”

“मग रांग वाकडी दिसेल.”

“दिसू दे.”

आता पाच उंच आणि टोकाला एक ठेंगणी, अशी रांग आहे. पाचांपुढे दोरी आहे. सहावीपुढे नाही. कार्ड मिस्टर प्रॉसरांनी मला सांगितलं तसं मी लिहिलं: “ही खुर्ची बसण्यासाठी आहे. कडेवर बाळ असेल त्याला आधी.” अजून काही लिहायचं होतं मला, पण आभार कार्डावर मावत नाहीत, आणि त्यांच्यासमोर तर बोलताही येत नाहीत. लगेच त्यांना कोंबड्या आठवतात.

रविवारी कोठार उघडलं. माणसं बरीच आली, आणि नेमका तेव्हाच रूफस किंचाळला. मी घुटमळले. एवढ्या लोकांत, रांगेत?

“सरका जरा, सरका!” मिस्टर प्रॉसर ओरडले. “खुर्चीला काम आलंय.”

लोक हसून बाजूला झाले. मी बसले, शाल ओढली. एका आजीबाईंनी जाताजाता माझ्या खांद्यावर हात ठेवला, बस्स. माझी चार वर्षांची टॅन्सी खाली उकिडवी बसून झिजलेल्या पायावरून बोट फिरवत होती.

“आई, हिचे पाय कुणी कापले?”

“एका बाळाच्या बाबांनी असतील.”

“बाळाला दूध प्यायला?”

“हो. त्याच्या आईला नीट बसता यावं म्हणून.”

टॅन्सीने रूफसच्या पायाला हात लावला, मग परत खुर्चीच्या.

“मग ते बाळ मोठं झालं का गं?”