‘बरी आहे’ म्हणणाऱ्यांची खुर्ची

मित्रांनो, मी खुर्ची आहे आणि जुनी आहे. हे दोन्ही सांगताना मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती सध्या मी जिथे आहे त्या जागेची. इंग्लंडात, लँकेशरमधल्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या एका गावात, एका कचेरीच्या बाहेरच्या खोलीत मी भिंतीला पाठ लावून उभी असते. अपंगांना सरकारी भत्ता द्यावा की नाही, याची तपासणी इथे होते. म्हणजे द्यायचा नाही हे आधीच ठरलेलं असतं. इथे फक्त त्याला कारण शोधतात.

माझा जन्म बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून, हाय विकम या खुर्च्यांच्या गावातल्या एका कारखान्यात झाला. माझे हात वाफेवर मऊ करून वाकवले होते आणि ते काम करणारा कारागीर त्यांच्यावरून तळवा फिरवल्याशिवाय मला हातावेगळी करायला तयार नव्हता. पुढे मी विणकरांच्या क्लबात गेले. तिथे मला मान होता. दिवसभर मागासमोर उभी राहिलेली माणसं संध्याकाळी बिअर घेऊन यायची आणि माझ्यासाठी भांडायची, कारण बाकीच्या खुर्च्यांना हात नव्हते. “ऊठ रे, तुझे गुडघे अजून कोवळे आहेत,” म्हणत म्हातारे तरुणांना हुसकावून लावायचे. मग गिरणी गेली, क्लब गेला, सामानाचा लिलाव झाला आणि या कचेरीने मला ढिगातून उचललं. इथे माझ्या शेजारणी निळ्या प्लास्टिकच्या आहेत. त्यांना हात नाहीत आणि मतही नाही.

मला मात्र मत आहे. कचेरीबद्दल तर आहेच, पण इथे येणाऱ्या माणसांबद्दलही आहे. महिनोन्‌महिने तारखेची वाट पाहून ती येतात आणि बसताना धक्का लागला तर मला ‘सॉरी’ म्हणतात. लाकडाला! आमच्याकडे ‘कसे आहात?’ हा प्रश्न नसतोच, ती दारावरची टकटक असते. ‘बरा आहे, तुम्ही?’ म्हणायचं आणि पुढे जायचं. मग मागे पाय गळून पडलेला का असेना. ही सवय दुकानात शोभते. इथे ती गळ्याचा फास होते, आणि ही भली माणसं तो स्वतःच्या हाताने घालून घेतात.

आमचे तपासनीस म्हणजे क्रॅनशॉसाहेब. तरुण, गुळगुळीत, आवाज मधात बुडवलेला. ते खोलीच्या पार त्या टोकाच्या दारात उभे राहतात, नाव पुकारतात, ‘आज कसं काय?’ विचारतात आणि मग बघत राहतात. कोण कसं उठतं, कसं चालतं, हसतं का. माणसांना वाटतं तपासणी आत होणार आहे. ती दारातच झालेली असते.

एनिड हॅलिवेल पहिल्यांदा आली तेव्हा तिची नणंद ग्लेनिस सोबत होती. एनिडचे सांधे आतून कुरतडले गेले होते. सकाळी ती गावच्या ग्रंथालयात काम करायची आणि तिथे जायची ती भत्त्यातून मिळालेल्या लहानशा लाल गाडीने. भत्ता गेला की गाडी जाणार आणि गाडी गेली की नोकरी. इतका साधा हिशेब होता.

“लिपस्टिक कोणी लावायला सांगितली होती?” ग्लेनिस फिसकारली.

“अगं, चार लोकांत यायचं म्हणजे...”

“चार लोकांत नाही, तपासणीला आलीयस. लग्नाला आल्यासारखी नटलीयस!”

“गाडी गेली तर गं?”

“तर मी तुला पाठुंगळी घेऊन जाईन. माझी पाठ बघितलीयस ना? दोघी दवाखान्यात.”

दार उघडलं. “मिसेस हॅलिवेल? आज कशा आहात?”

“बरी आहे, बाळा. तक्रार करण्यासारखं काही नाही. तू कसा आहेस?”

ग्लेनिसने डोळे मिटून घेतले. एनिडने माझ्या दोन्ही हातांवर सगळा भार टाकला. माझा डावा हात करकरला, तिचे सांधेही करकरले. चेहरा मात्र हसरा. आतली भिंत पुठ्ठ्याची म्हणावी इतकी पातळ, मला सगळं ऐकू येतं. कपडे स्वतः घालता? निभावते. जेवण करता? निभावते. त्या ‘निभावते’च्या मागे तिचा नवरा सिरिल होता, सगळी बटणं लावणारा. पण परक्या पोरासमोर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

काही आठवड्यांनी ग्लेनिस एकटीच आली, ती भत्ता नाकारल्याचं पत्र घेऊन स्वागतकक्षातल्या बाईवर बरसायला.

“‘प्रसन्न’! ‘नीटनेटक्या’! ‘मदतीशिवाय उठल्या’! अहो, ती लिपस्टिकसुद्धा माझ्या भावाने लावली होती! ओठांच्या बाहेर गेली होती, दिसलं नाही तुमच्या साहेबांना?”

“तुम्ही हरकत नोंदवू शकता,” बाई म्हणाली.

“नोंदवलीय. तोवर गाडी घेऊन गेले की! ग्रंथालयवाले ईस्टरपर्यंत थांबतील, मग दुसरी बाई ठेवतील. तुम्ही थांबवून ठेवलेल्या माणसांसाठी जग थांबत नाही हो.”

बाईने तिला पाणी देऊ केलं. यंत्र होतं, पेले संपले होते.

ईस्टर जवळ आला तेव्हा कुठे फेरतपासणीचं बोलावणं आलं. एनिड आली ती बसने, भिजून, केस कपाळाला चिकटलेले. ग्लेनिस याही खेपेला सोबत होती. दार उघडलं. तोच मध, तोच प्रश्न.

एनिडने तोंड उघडलं. भर बाजारात कपडे उतरवायला सांगावेत तसा तिचा चेहरा झाला होता.

“बरी...” ती म्हणाली, आणि थांबली. “बरी नाही.”

सगळी रांग आपापल्या बुटांकडे बघायला लागली. कोणीतरी खोकलं. एका भल्या माणसाला तिच्या वतीने घाम फुटला.

“काय म्हणालात?” क्रॅनशॉसाहेब.

“बरी नाही म्हणाले. सकाळी नवरा मला मोजे घालतो. चड्डीसुद्धा तोच घालतो. आणि आता मला उठता येत नाहीये. हात दे.”

“सावकाश उठा, मिसेस हॅलिवेल. घाई नाही.”

“मी उठतच नाहीये, बाळा. हात दे.”

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. साहेबांच्या एका हातात टॅब होता, दुसऱ्यात कॉफी. ते ठेवायला त्यांना जागा सापडेना. शेवटी त्यांनी ते एका निळ्या खुर्चीवर ठेवलं, खोली ओलांडून आले आणि तिला ओढलं. चुकीचं ओढलं. ती किंचाळली. मग ‘सॉरी’ म्हणाली, पण किंचाळून झाल्यावर. आणि साहेब पांढरेफटक पडून, तिच्या चालीने, थांबत थांबत आत गेले. ती मदतीशिवाय उठली, असं आता लिहायला कुठून तोंड आणणार होते?

परवा ग्लेनिस पुन्हा आली. खाली रस्त्यावरून हॉर्न ऐकू येत होता: एनिड भत्त्यातून मिळालेल्या नव्या गाडीत बसून बोंबलत होती की इथे गाडी उभी करू देत नाहीत, तिला ग्रंथालय उघडायचंय, आटपा. ग्लेनिसने गल्लीतल्या विल्फ्रेडला आणलं होतं. त्याला माझ्यात बसवून ती त्याची तयारी करून घेत होती.

“विल्फ, कसा आहेस?”

“चाललंय की.”

“चूक. परत. कसा आहेस?”

“तसं बरंच म्हणायचं...”

“विल्फ, तुला एक फुप्फुस नाहीये!”

“दुसरं चांगलं आहे ना, ग्लेनिस.”

तिने कपाळावर हात मारला. मला हात असून मारता येत नाही.

मित्रांनो, माझ्या जातीची जुनी मंडळी शेवटी विनवतात की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मला तसलं काही नको. मला टाकलंत तरी चालेल, पण आधी ही खोली टाका. आणि तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी दुखरे व्हाल, तेव्हा ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्यासमोर गोड वागू नका. तुमचा गोडवा तो तुमच्याच विरुद्ध मांडेल. एरवी मात्र कोणाला ‘कसे आहात?’ विचारलंत, तर खरं उत्तर येईल अशा तयारीने विचारा, आणि एक हात मोकळा ठेवा.