सर्जाच्या कपाळावरचा बिल्ला

इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याची लढाई लढून आश्रुबा निजामाच्या राज्यातल्या धारूरला परतला तो ऐन पोळ्याच्या सकाळी. त्याच्यामागं बायकोनं, छबुबाईनं, सर्जा बैल शेजाऱ्याच्या बैलाशी जुंपून रान पिकवलं होतं. तिनं सर्जाची शिंगं रंगवली, झूल घातली. आश्रुबानं पेटीतून लढाईचा चांदीचा बिल्ला काढला आणि बैलाच्या कपाळाला बांधला. बिल्ल्यावर विलायतच्या राजाचं तोंड होतं.

वेशीत मोहनराव पाटील आपला बैल घेऊन उभे होते. तोरणाखालून पहिला जायचा मान त्यांच्या बैलाचा. बिल्ला पाहून ते गरजले, "राजाचं तोंड बैलाच्या कपाळाला? आन् तू तर निजामाची रयत. शिपाई तरी कुनाचा हाईस बे तू?"

हलगी थांबली. छबुबाईनं सर्जाची वेसण घट्ट धरली.

आश्रुबा मात्र हसला. "पाटील, तिकडं गोरे मला निजामाचा म्हणायचे, इथं निजामाचे लोक गोऱ्यांचा म्हणतेत. लढाई त्यांची व्हती. मला त्या वाळूत रोज हेच काळं रान दिसायचं. ते ज्यानं नांगरलं, बिल्ला त्याचा."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि आपला बैल मागं ओढला. "जाऊ द्या सर्जाला फुडं."

हलगी कडाडली. छबुबाईनं सर्जाला ओवाळून कुंकू लावलं. थोडं राजाच्या नाकाला लागलं. तिनं ते पुसलं नाही.